माझ्या वाटणीचा भात

साखर वाढण्याचा मान आमच्या घरात फक्त पुरुषांचा. वडिलांना होती, काकांना होती, थोरल्या भावाला चाळिशीत लागली. त्यामुळे गावच्या देवळात आरोग्य शिबिर भरलं, तेव्हा आम्ही पुरुष मंडळी सकाळीच बोटं पुढे करून रांगेत उभे राहिलो. बायका देवळामागे डॉक्टरांसाठी पोहे करत होत्या. फळ्यावर 'चाळिशीपुढच्या सर्वांनी तपासून घ्यावे' असं लिहिलं होतं. सर्व म्हणजे कोण, हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

माझी साखर काठावर निघाली. डॉक्टरने माझ्या पोटाकडे पाहिलं. मीही पाहिलं.

त्या दिवसापासून मी घरातला अधिकृत पेशंट झालो. न्हावा शेव्याच्या एका गोदामात मी आवक-जावक बघतो, तेव्हा मोजणं हा माझा धंदाच. भात बंद, नाचणीची भाकरी सुरू. रोज सकाळी बांधावरून चालणं, आणि रविवारी चहाआधी बोट टोचून यंत्रावर साखर. आकडा उतरला की निवडणूक जिंकल्यासारखा मी तो जाहीर करायचो.

"वा! आता पेढे वाटा," बायको म्हणायची.

तिची पाळी त्याआधीच कायमची थांबली होती. पंख्याखालीही तिला घाम फुटायचा, सारखी तहान लागायची, दुपारी बसल्या जागी डोळे मिटायचे. विळ्याने पायाला झालेली जखम तर भरतच नव्हती. या सगळ्यावर आमच्याकडे एकच निदान होतं: बायकांचं असतं. भाऊ तेच म्हणायचा, शेजारी तेच म्हणायचे, तीही तेच म्हणायची. इतकी दुखणी एका वाक्यात निकालात काढणारा डॉक्टर मी तरी पाहिलेला नाही.

मला शंका आली ती तिच्या जखमेवरून नव्हे, तांदळावरून. घरच्या तांदळाचं एक पोतं किती टिकतं हे मला पाठ आहे. मुलगी शिकायला पुण्यात, घरात आम्ही दोघंच. मी भात सोडल्यावर पोतं दुप्पट टिकायला हवं होतं. नेहमीच्याच वेळेला तळ दिसला. गोदामात मी चौकशी लावली असती. घरातही लावली.

"अगं, तांदूळ जातो कुठे?"

"जाणार कुठे? मापटं तेच, टोप तोच. सवयीने हात तेवढाच घालतो."

"आणि उरलेला भात?"

"घरचा तांदूळ, शिजवलेला. टाकायचा? मी खाते. पथ्य तुम्ही पाळा, निस्तरते मी."

माझ्या वाटणीचा भात, आमरस, गणपतीतले मोदक, सगळं तिच्या ताटात जात होतं. मी घरातून साखर घालवली नव्हती. फक्त बाजूच्या पाटावर सरकवली होती.

पुढच्या रविवारी मी यंत्र तिच्यासमोर ठेवलं.

"बोट दे."

"मला काय धाड भरलीय?"

तिचा आकडा माझ्या आजवरच्या कुठल्याही आकड्याहून मोठा आला. यंत्र बिघडलं, असं मी ताबडतोब जाहीर केलं. नवी पट्टी लावून माझं बोट टोचलं. माझा आकडा नेहमीचाच. यंत्र ठणठणीत होतं.

अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी आधी जखम पाहिली आणि मग आम्हाला दोघांना समोर बसवलं.

"पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन बाईला बरंच सांभाळतं," त्या म्हणाल्या. "इन्सुलिन नीट काम करतं, चरबी पोटावर कमी बसते. पाळी गेली की तो आधार जातो. पुरुषांना साखर लवकर गाठते, कमी वजनातसुद्धा. म्हणून तुमची लवकर सापडली. यांची उशिरा आली, पण आली की बाईच्या हृदयाला ती जास्त महागात पडते."

"आणि पुरुषांचं हार्मोन?" मी विचारलं. हिशेब पूर्ण हवा.

"टेस्टोस्टेरॉन पुरुषात कमी पडलं तर धोका, बाईत जास्त झालं तर धोका." मग त्या बायकोकडे वळल्या. "ताई, याआधी साखर कधीच तपासली नाही? गावात शिबिर झालं म्हणता ना?"

"झालं ना. मी पोहे करत होते."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तीन महिन्यांच्या सरासरीची साखर तपासायला सांगितली. मधुमेह होता, आणि जुना होता. गोळ्या सुरू झाल्या, जखमेची रोज मलमपट्टी सुरू झाली, आणि तांदळाचं मापटं माझ्या ताब्यात आलं. पायाची जखम भरेपर्यंत पावसाळा संपला. तोवर मी माझा आकडा जाहीर करणं सोडलं होतं. तिचाच विचारायचो.

पुढचं शिबिर ठरलं, तेव्हा बैठकीत मी म्हटलं, "आधी बायकांची रांग लावू."

"लाव की," भाऊ म्हणाला, "पण पोहे करायला कोणी हाय का न्हाय?"

प्रश्न रास्त होता. पोहे मी केले. इतकं मोजून-मापून केले तरी अर्धा टोप उरला. टोपात काय आहे ते बायकोने रांगेतूनच पाहिलं, आणि टोचलेलं बोट धरून सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं ओरडली:

"अहो, उरले तर माझ्या ताटात नकोत हां!"