मानाचा बैल

ती घटना विसरायची म्हटली तरी दर वर्षी पोळा येतो आणि तिची आठवण करून देतो. एकोणीसशे तीसनंतरची वर्षे. मी नाशिक तालुक्यात फौजदार होतो. पोळ्याच्या सकाळी एका गावचे वतनदार पाटील घाम पुसत ठाण्यात आले. त्यांचा मानाचा बैल रातोरात चोरीला गेला होता.

या बैलाशिवाय गावचा पोळा फुटत नसे. संध्याकाळी वेशीच्या तोरणाखालून पहिला जाई तो पाटलांचा बैल, मागून मिरासदारांचे, म्हणजे पिढीजात जमीनवाल्यांचे. उपऱ्यांनी, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांनी, लांबून बघायचे. सरकारी कागदांतून ‘उपरी’ हा शब्द केव्हाच गेला होता. गावाने मात्र तो जपून ठेवला होता.

खबर दिली बाजारात बैलांचा साज विकणाऱ्या चाचांनी. “सायेब, पाटलाची जमीन कसतो ना, तो म्हातारा काल नवी वेसण आन् गोंडे घेऊन गेला. बैल तर त्याच्याकडं नाय.”

म्हाताऱ्याला चावडीवर आणले. हवालदाराने दटावले, मी गोडीने विचारले. गडी काही तोंड उघडेना. शेवटी कोऱ्याच जबाबावर अंगठा घ्यावा म्हणून मी त्याचा हात धरला, तर तळवा पिवळाजर्द आणि तुपाने चिकट! पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हळद-तुपाने बैलाचे खांदे मळतात.

“बाबा, तुझ्या गोठ्यात बैल नाही. मग खांदे कुणाचे मळलेस?”

त्याला रडूच कोसळले. “खांदं न मळता कसा ठिवू त्याला, सायेब? माझ्याच दावणीला जल्मला त्यो. देखणा निघाला म्हणून पाटलांनी नेला. आजा इथं राबला, बाप इथंच मेला, तरी आमी उपरीच. एकदा त्याची वेसण धरून तोरणाखालून जावं वाटलं. मंग नेऊन बांधणारच व्हतो.”

चोर पुष्कळ पाहिले. चोरलेल्या जनावराचे असे लाड करणारा हा एकच.

बैल नदीकाठच्या बाभळीत सापडला, गोंडे बांधून सजवलेला. दोन शिपायांनी ओढूनही तो जागचा हलेना. मी म्हणालो, “बाबा, तूच धर.” मुद्देमाल चावडीवर न्यायचा होता. शेतातून आडवाटही होती. मी वेशीची वाट धरली.

पाटलांना बैल मिळाला, त्यांनी प्रकरण पुढे रेटले नाही. चोरीत आधी हाव शोधायची, हे मला शिकवले होते. त्या दिवसापासून मी आधी विचारू लागलो, या माणसाला हवे होते तरी काय. पुढे वतने गेली, उपरी-मिरासदार ही भाषाही गेली. ते बघायला म्हातारा हवा होता, असे फार वाटते.

त्या संध्याकाळी वेशीत सारे गाव जमले होते. दोन बाजूंना दोन शिपाई, मधे वेसण धरून म्हातारा. तोरणाखाली आल्यावर तो हळूच म्हणाला, “सायेब, जरा दमानं चला.”

मी शिपायांना थांबायची खूण केली.