आडाचा ठराव

आश्विनात पुस्तकं उन्हात टाकली की त्या वासानं मला मुरुमजवळच्या आमच्या गावातली एक रिकामी घागर आठवते. लिहितावाचता येतं म्हणून मला पंचायतीत घेतलेलं, आणि मी शहाणी माळवदावर कादंबरीत बुडालेली. शिपाई ठरावांची वही घेऊन आला तेव्हा नायिका शेवटच्या घटका मोजत होती. मी न वाचताच सही ठोकली. चार दिवसांनी खालच्या आळीतली म्हातारी घागर घेऊन दारात उभी. "अक्का, आमच्या आळीत खोदायचा आड पाटलाच्या दारात नेला म्हणं. तुमची बी सही हाय व्हय?" मी होकारार्थी मान हलवली. "तुमी वाचून बघचाल म्हणून आमी निवांत होतो," म्हणाली आणि ओढ्याकडं वळली. तो ओढा होळीपर्यंतही टिकत नसे. नायिका मात्र पुढच्याच पानावर ठणठणीत झाली होती! आता शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही. नातवंडं हसतात, मी हसू देते.