गोठ्याच्या खांबावरचा डबा

दादाच्या श्रद्धांजलीच्या बॅनरवर आधार कार्डावरचा फोटो होता.

वीस वर्षं महाड-पोलादपूरची लग्नं शूट केली त्याने. स्वतःचा धड एक फोटो नाही. मोबाईल समोर धरला की तोंड फिरवायचा.
आई म्हणायची, भिंतीवर लावायला तरी एक दे रे मेल्या.

शेवटी किडन्यांनी दगा दिला. कापडे गावातल्या आमच्या घरी ओटीवर खुर्ची टाकून बसून असायचा. पांढरं बनियन, सुजलेले पाय.

तिथेच त्याने बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला. आतून काळा रंगवला. सुईने बारीक भोक पाडलं. आत फोटोचा कागद, भोकावर काळी टेप.
डबा गोठ्याच्या खांबाला बांधायला लावला, ओटीकडे तोंड करून. आणि टेप काढून टाकली.

मी भडकलेच. औषधं वेळेवर घ्यायची नाहीत, आणि हे नसते उद्योग!

"आईला फोटो पायजे ना? वर्षानं डबा खोल," म्हणाला. "पण गो, येणारा-जाणारा ह्यात दिसत नाय. वर्षभर त्याच जागी बसंल तोच येतो."

त्यानंतर अकराव्या दिवशी दादा गेला.

त्याला ठेवलं होतं तिथे दिवा लावला, पीठ पसरलं, वर टोपली झाकली. तो कुठल्या जन्माला गेला त्याचं पाऊल बघायला सकाळी अख्खी भावकी वाकली.
काहीच उमटलं नव्हतं.
काकी म्हणाली, सुटला बिचारा.

डबा मी साफ विसरले. सगळा पावसाळा खाल्ला त्याने.

काल वर्षश्राद्ध झालं. पाहुणे जेवून गेले आणि भर दुपारी माझी नजर खांबावर गेली. डबा सोडवून खोलला.

हा कागद धुवायचा नसतो. चित्र आपसूक उमटतं, फक्त उलटं. उजेड काळा, सावली पांढरी.

वर सूर्याच्या रोजच्या वाटेच्या रेघा. खाली आमची ओटी. तेराव्याला एवढी माणसं येऊन गेली, त्यातलं एकही नाही.
मधोमध एक बसलेलं माणूस.
बनियनचा काळा डाग. खांदे. डावीकडे कललेली मान.

आधी रडू फुटलं. मग हिशेब लागला.
दादा त्या डब्यासमोर फक्त अकरा दिवस बसला होता. खुर्ची तर तो गेल्यावर आम्ही तिसऱ्याच दिवशी देऊन टाकली.

मीच माझी समजूत काढली. आई बसत असणार तिथे.

आईने कागद हातात घेतला. बराच वेळ बघितला.
"मी नाय गो. तो गेल्यापासून मी मागच्या दारानंच ये-जा करते."

का, विचारलं.

"बसल्या माणसाला वलांडू नये."

एवढ्यात कागद काळपटायला लागला. उजेडात धरला की चित्र जातं, हे दादाने शंभरदा सांगितलं होतं. मी तिच्या हातातून ओढूनच घेतला आणि काळ्या पाकिटात घातला. चेहरा किती उरलाय, बघायची हिंमत नाही.
तेव्हा फोटो टाक, फोटो टाक, म्हणून कोणी मेसेज करू नका. बघितला की जातो तो.

आज सकाळी आईने ओटीवर नवी खुर्ची आणून ठेवली. मीसुद्धा मागच्या दारानेच बाहेर पडले.

दादा, तुला निरोप द्यायला हे लिहायला घेतलं होतं.
राहू दे. तू बस.