लॅपटॉपला शाल-श्रीफळ

माझी शिष्यवृत्तीची मुलाखत व्हायच्या आधीच माझा सत्कार ठरला होता.

यात माझी चूक एवढीच, की ईमेल वाचून मी स्वयंपाकघरात ओरडले, "आई, माझी निवड झाली!" आणि दम घेऊन "...मुलाखतीसाठी!" असं पुरं करेपर्यंत तात्या (म्हणजे माझे वडील) चपला घालून बाहेर पडलेसुद्धा होते. संध्याकाळी आमच्या गावच्या, पणदऱ्याच्या चौकात फ्लेक्स! 'परदेशी शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' वर माझा फोटो, तोही चुलतबहिणीच्या हळदीतला, पिवळ्याजर्द तोंडाचा. आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो माझ्याहून मोठे.

"तात्या, आजून काय बी मिळालं न्हाय! उतरवा तो!"

"आगं, फ्लेक्स उतरवला की लोकं म्हणत्यात पोरगी पडली. त्यापरीस तू मिळवूनच टाक की."

झालं! जणू शिष्यवृत्ती बाजारात मिळते आणि मीच पिशवी घेऊन जायचा कंटाळा करतेय! मी आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए. केलंय. पुढचं संशोधन परदेशात करायला पैसे देणाऱ्या संस्था मोजक्याच, आणि बाकीच्यांनी मला अतिशय गोड भाषेत हाकललं होतं. ही एकच उरली होती आणि पुढच्या वर्षी वयाच्या अटीत मी बसणार नव्हते. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

गावाला विषय समजावणं हे वेगळंच दुखणं. "दोन देशांत भांडण लागलं की बोलणी करून ते कसं मिटवायचं, त्याचा अभ्यास," असं मी सांगायची. त्यावर इंदापूरची आत्या म्हणाली, "आपल्या भावकीचं बांधावरचं भांडाण मिटंना, आन ही निघाली देशाचं मिटवाया!"

मुलाखत ऑनलाइन होती, दुपारी चारला. मी सकाळीच घरात दवंडी पिटली, "पुण्याचे एक सर आणि परदेशातल्या एक बाई लॅपटॉपवर येणार आहेत. मधल्या खोलीत कुणीही फिरकायचं नाही!"

तात्यांचे डोळे चमकले. "प्रोफेसर? आपल्या घरी?"

"घरी न्हाय तात्या, लॅपटॉपवर!"

"लॅपटॉप कुणाच्या घरात हाय?"

(वाटाघाटींची एम.ए., पहिल्याच फेरीत गारद!) तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. आमच्या घरी आलेला माणूस सत्कारावाचून परत जात नाही. गाय तपासायला आलेल्या डॉक्टरला टॉवेल-टोपी. बोअरचं मशीन आलं तर मशीनला हार आधी, पाणी लागलं तर नंतर!

चार वाजले. पडद्यावर दोघं उमटली. सर गंभीर, बाई त्याहून गंभीर. बाईंनी इंग्रजीत पहिला प्रश्न टाकला, की दोन बाजूंना एकमेकांच्या रीतीच कळत नसतील, तर बोलणी सुरू कुठून करायची? वा! माझा आवडता प्रश्न! मी घसा साफ केला, "सर्वप्रथम..." असं इंग्रजीत म्हणाले, आणि सर्वप्रथम दार उघडलं.

पुढं फेटा बांधलेले तात्या. मागं तबक घेऊन आत्या. तिच्यामागं अर्धी आळी.

"नमस्कार!" तात्या लॅपटॉपला म्हणाले. "आधी पाव्हण्यांचा सत्कार, मग करा पोरीची चौकशी!"

"तात्या, भायेर जावा!" मी दातओठ खात पुटपुटले.

"गप गं. पाव्हण्यांम्होरं बापाला भायेर काढती व्हय?"

तोवर आत्यानं ओवाळायला सुरुवात केली. "आगं, ह्या बाई लई हलत्यात! कुकू कुठं लावू?" आणि मी हात धरायच्या आत तिनं बाईंच्या कपाळावर, म्हणजे माझ्या पडद्यावर, ठसठशीत कुंकू लावलं. तात्यांनी हार उचलला.

"हार नगं!" मी किंचाळले. "फोटोला हार माणूस गेल्यावर घालत्यात!"

"आयला, व्हय की!" तात्यांनी जीभ चावली, हार माझ्या गळ्यात टाकला आणि त्याऐवजी लॅपटॉपला शाल पांघरली. खोलीभर टाळ्या! मग शालीखाली हात घालून त्यांनी नारळ ठेवला. थेट कीबोर्डवर. टक! कॉल बंद.

मी शाल ओढली. पडदा रिकामा.

"गेलं पाव्हणं?" तात्या हिरमुसले. "च्या न घेताच?"

खोटं कशाला सांगू, मी ढसाढसा रडले. इतकी वर्षं अभ्यास केला, एवढी एकच संधी उरली होती आणि तिच्यावर नारळ! रडत रडतच पुन्हा जोडणी केली. सर दिसले, कुंकवासकट बाईही दिसल्या. सरांनी हसू दाबत बाईंना सगळा प्रकार समजावून सांगितला. बाई पुढं सरसावल्या.

"तुझा विषय वाटाघाटींचाच ना? मग या मंडळींना, कुणाचंही मन न दुखवता, खोलीबाहेर काढून दाखव. हीच तुझी मुलाखत."

मी डोळे पुसले. पुस्तकात पहिला उपाय, समान हित शोधा.

"तात्या, माझं भलं व्हावं असं तुमालाबी वाटतंय ना?"

"मग! म्हणून तर हितं हुबा हाय."

दुसरा उपाय, दोघांनी एकेक पाऊल मागं घ्या. "बरं, तुमी थांबा. आत्याला आन बाकीच्यांना जाऊ द्या."

"मी इंदापुरास्नं यष्टीनं उभ्यानं आले, ती भायेर बसाया व्हय?" आत्या कडाडली.

आता निर्वाणीचा इशारा! "तुमी समदी भायेर गेला न्हाय, तर मी जेवणार न्हाय!"

दारातनं आईचा आवाज आला, "पुरणपोळ्या केल्यात, बघ बाई."

माझा इशारा तिथंच विरघळला. उलट तात्यांनीच अट घातली, की मी फेटा बांधून दोन शब्द बोलले तर ते विचार करतील. मी फेटा बांधला. नारळ मांडीवर घेतला. आभाराचे दोन शब्द बोलले. तात्यांनी खरोखर विचार केला, आणि खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसले. "सर, तुमचं मूळ गाव कंचं?"

सरांनी सांगितलं! मग पाऊसपाणी, मग ऊस, मग सरांचे पाव्हणे कुठले. बाई हसून हसून डोळे टिपत होत्या. वेळ संपली. माणूस एकही हलला नव्हता.

निकाल लागेपर्यंत मी तात्यांशी धड बोलले नाही. एकदा गोठ्यात त्यांनी हळूच विचारलं, "नमे, चुकलं का गं माजं?"

"व्हय!" मी म्हणाले. ते मान खाली घालून धार काढत राहिले, आणि मला उगीच भरून आलं.

मग एक दिवस ईमेल आली. मिळाली! शिष्यवृत्ती मिळाली! मी ओरडत गोठ्यात गेले. तात्यांनी धारेच्या हातानंच माझं तोंड कुरवाळलं आणि मोबाइलकडं बोट दाखवलं, "आन ती खाली काय ल्हिवलंय?"

खाली परीक्षकांचा शेरा होता.

"हुशार हाय म्हणत्यात," मी सांगितलं.

लिहिलं होतं, 'या विषयाच्या शिक्षणाची इतकी तातडीची गरज असलेली उमेदवार आम्ही आजवर पाहिलेली नाही.'