पाठ केलेलं इंग्रजी

आमच्या इंग्रजीच्या वर्गात व्याकरण जवळजवळ नव्हतंच. पुस्तकाच्या शेवटी थोडं होतं, पण बाई तिथपर्यंत कधी गेल्या नाहीत. पुस्तकाचे भाग तीन: विज्ञान, शिक्षण आणि माहिती समाज. उतारा वाचायचा, त्यावर बोलायचं, मग लिहायचं. भाषा त्यातून येईल, असा बाईंचा विश्वास होता. मला ही पद्धत पहिल्याच दिवशी पटली. 'मी आंबा खातो, तू आंबा खातोस' करत बसण्यापेक्षा लशी आणि ज्वालामुखी बरे. निदान वेळ सत्कारणी लागतो.

वर्ग ईडन प्रेरी या आमच्या अमेरिकेतल्या गावातल्याच एका कम्युनिटी सेंटरमध्ये भरायचा, आठवड्यातून दोन दिवस सकाळी. मी तिथं हौसेनं गेले नव्हते. घराजवळच्या मिडल स्कूलमध्ये विज्ञानाच्या तासाला मदतनीस हवी होती. प्रयोगाचं सामान मांडायचं, मागे पडणाऱ्या मुलांजवळ बसायचं, शेवटी सगळं धुऊनपुसून ठेवायचं. मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी सातवी-आठवीला विज्ञान शिकवत असे. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलो तेव्हा मुलगी बालवाडीत होती, आता ती कॉलेजचे अर्ज भरते आहे. मधल्या काळात मी घर चालवलं आणि चांगलं चालवलं. कुठलं बिल कधी भरायचं, हीटरचा फिल्टर कधी बदलायचा, कुणाच्या दाताची अपॉइंटमेंट कधी, सगळं फ्रिजवर लावलेलं असतं. पण वर्गात उभी राहिले नाही. आधी कामाचा परवाना नव्हता, आणि तो आला तेव्हा माझं मलाच धाडस होईना. आता ही जागा निघाली होती आणि शाळेची अट एकच होती: वरच्या पातळीचा इंग्रजीचा वर्ग पूर्ण झाला, अशी बाईंची सही. तीही वसंताची सुट्टी लागायच्या आत.

बाई सत्तरीच्या आसपासच्या, उंच, पायात कायम बर्फात घालायचे बूट. सगळे त्यांना नावानं हाक मारत. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही, मी 'टीचर' म्हणायचे. माझ्या शेजारी एक सोमाली बाई बसायची. ती माझ्याच वयाची, घरी शेजारपाजारची लहान मुलं सांभाळायची. तिचं इंग्रजी माझ्याहून मोडकं, पण थांबायचं नाही. माझं उलट. मी वाचलेलं सगळं समजायचं, आणि बोलायची वेळ आली की आधी पूर्ण वाक्य मनात जुळवून, तपासून, मग बाहेर काढायचं. तोवर विषय पुढे गेलेला असायचा.

"तू बोलायच्या आधी वर छताकडे का बघतेस?" तिनं एकदा विचारलं. "तिथं लिहून ठेवलंय का कुणी?"

"माझ्या छतावर लिहिलेलं असतं," मी म्हटलं. "तुझ्या नाही का?"

"माझ्या छतातून पाणी गळतं," ती म्हणाली आणि स्वतःच खो खो हसली.

विज्ञान आणि शिक्षण हे दोन्ही भाग मी माझ्या पद्धतीनं पार केले. पद्धत जुनीच, पारखलेली: उतारा पाठ करायचा. सकाळी नवरा पोहे परतत असायचा आणि मी डायनिंग टेबलाभोवती फेऱ्या मारत म्हणून दाखवायचे. तो पुस्तक समोर धरायचा.

"एक शब्द सुटला," तो म्हणायचा.

"कुठला?"

"द."

"अहो, 'द'चं काय घेऊन बसलात!"

"बाप्पा, तूच म्हणालीस ना की काटेकोर बघा म्हणून!"

तिसऱ्या भागाचा निबंध घरून लिहून कॉम्प्युटरवरून पाठवायचा होता. विषय, 'माहिती समाज म्हणजे काय?' पुस्तकात त्याची फार सुरेख व्याख्या होती, लांबलचक, तीन स्वल्पविराम असलेली. पुढे त्याचे फायदे, तोटे, शेवटी समारोप. मी ते सगळं पाठ केलं, पुस्तक मिटून दुसऱ्या खोलीत ठेवलं आणि मग टाइप करायला बसले. एकदाही उठून बघितलं नाही. पाठवून झाल्यावर मन शांत होतं.

दोन दिवसांनी निबंध परत आला, तो जवळजवळ सगळा पिवळा. ओळीच्या ओळी पिवळ्या रंगात. मला आनंदच झाला. आमच्या गाइडांत पिवळं म्हणजे महत्त्वाचं, परीक्षेला हमखास येणारं. वर्गात मी शेजारणीला स्क्रीन दाखवला.

"माझं बघ, किती पिवळं."

तिच्या निबंधात एकही पिवळी ओळ नव्हती, मला जरा वाईटच वाटलं तिच्यासाठी. तिनं माझ्याकडे बघितलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात बाईंनी मला तासानंतर थांबायला सांगितलं.

सगळे गेल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. त्या सौम्यपणे बोलल्या, म्हणूनच मला समजायला वेळ लागला. पिवळा रंग कॉम्प्युटरनं दिला होता. जे दुसरीकडे जसंच्या तसं आहे, ते तो पिवळं करतो. हा निबंध पुस्तकातून उतरवला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी शब्द वापरला तो 'कॉपी'.

कॉपी म्हणजे काय, हे आमच्याकडच्या शिक्षकाला सांगावं लागत नाही. मोज्यातली चिठ्ठी, खिडकीतून आत येणारा कागदाचा बोळा, भरारी पथकाची जीप दिसली की शौचालयाकडे धावणारी पोरं. बोर्डाच्या परीक्षेत पर्यवेक्षक असताना मी अशा चिठ्ठ्या मुठीमुठीनं गोळा केल्या आहेत. पाठ करणं हे त्याच्या नेमकं उलटं. जो पाठ करतो त्याला चिठ्ठी लागत नाही. माझे कान तापले.

"टीचर, मी कॉपी केली नाही," मी म्हटलं. "पुस्तक बंद करा. विचारा मला."

त्यांनी विचारायची वाट न बघता मी सुरू केलं. छताकडे बघत, स्वल्पविरामाला थांबत, व्याख्या, फायदे, तोटे, समारोप. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे सगळं तुम्हाला पाठ आहे?"

"पुढचा उताराही आहे."

त्यांना हसू आवरेना. मलाही मग थोडं आलं, पण डोळ्यांत पाणी होतं ते होतंच. त्या म्हणाल्या, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. तुम्ही चोरी केली नाही. पण मला सही करायची आहे ती तुमच्या इंग्रजीवर. हे इंग्रजी पुस्तक लिहिणाऱ्याचं आहे. ते मला आधीच येतं. तुमचं कुठं आहे?"



त्यांनी मार्ग सुचवला. पुन्हा निबंध नको. पुढच्या आठवड्यात वर्गासमोर उभं राहून दहा मिनिटं बोलायचं, विज्ञानातल्या कुठल्याही गोष्टीवर, हातात कागद न घेता आणि पाठ न करता. लोकांना समजलं आणि त्यांनी काही विचारलं, तर सही. नाहीतर उन्हाळ्यानंतरचा वर्ग. म्हणजे शाळेतली जागा गेली.

जेवताना मी हे घरात सांगितलं. नवरा माझ्या बाजूनं चिडला. "काय यार, पाठ करायला अक्कल लागत नाही का? इथल्या माणसाला म्हणावं अर्धं पान तरी म्हणून दाखव."

मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, "आई, दॅट्स लिटरली प्लेजरिझम."

"मला पाठ होतं."

"स्टिल."

"मग व्याख्या माझ्या शब्दांत कशी सांगायची? व्याख्या काय माझी आहे? मी बदलली तर ती चुकणार नाही का?"

"यू डू इट ऑल द टाइम." आता तिनं वर बघितलं. "सिक्स्थ ग्रेडमध्ये मला ते प्लँट्सचं कोणी शिकवलं? ती पालकची भाजी करताना? तू काय बुक वाचत होतीस?"

"तेव्हा मराठीत सांगितलं होतं."

"सो? मला समजलं ना."

यावर तिला भांडी लावायला सांगितली. पण ती म्हणाली ते डोक्यातून जाईना. खरंच, वर्गात मी कधी व्याख्येपासून सुरुवात केली नव्हती. व्याख्या फळ्यावर यायची ती तास संपताना, वहीत उतरवून घ्यायला. त्याआधीचा सगळा अर्धा तास माझाच असायचा. मडकं, वात, भिजवलेले हरभरे, जे हाताला लागेल ते. ते बोलणं मी कधी पाठ केलं नव्हतं, कारण ते पाठ करायचं असतं असं कधी वाटलंच नाही.

मी परासरण निवडलं. पातळ पडद्यातून पाणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला कसं जातं, ते. इंग्रजी शब्द माहीत होता, बाकी सामान घरात होतं. पाठ करायचं नाही म्हटल्यावर काय करायचं, हाच प्रश्न पडला. शेवटी एका कार्डावर फक्त चार वस्तूंची नावं लिहिली आणि तेही वर्गात न नेता फ्रिजवरच ठेवलं. मनात मात्र पहिलं वाक्य आपोआप जुळत होतं. मी ते मोडायचे, ते परत जुळायचं. सवय कुठली जाते!

त्या दिवशी बाहेर ताजा बर्फ पडला होता, वर्गात सगळ्यांचे कोट खुर्च्यांवर वाळत होते. मी टेबलावर काकडी, सुरी, मीठ आणि एक काचेची वाटी मांडली. वर बघितलं तर वर्ग माझ्याकडे बघत होता. ते मनातलं पहिलं वाक्य मी उच्चारायला गेले आणि ते नव्हतंच. छतावरही नव्हतं. शेजारणीनं मला भुवया उडवून खूण केली: बोल की.

मग मी काकडी चिरली. चिरता चिरता सवयीनं विचारलं, "मी आता यावर मीठ टाकते. काय होईल?"

"खारट होईल," शेजारीण म्हणाली. सगळे हसले.

"ते तर होईलच. आणखी काय?"

"पाणी सुटेल," मागून कुणीतरी.

"कुठून? मी पाणी ओतलं का?"

मग मला थांबावं लागलं नाही. माझ्या वाक्यांना भूतकाळ नव्हता, कित्येकांना शेपूटच नव्हतं. जिथं शब्द सापडला नाही तिथं बोटांनी पडदा करून दाखवला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्यातून पाण्यासारखी बाहेर काढली. वाटीच्या तळाशी पाणी जमायला लागलं तसे लोक उठून टेबलाजवळ आले. आमच्याकडे म्हणूनच कोशिंबिरीत मीठ अगदी शेवटी घालतात, हेही सांगितलं. कोशिंबीर म्हणजे काय, हे सांगण्यात थोडा वेळ गेला, पण बाईंनी अडवलं नाही.

मग शेजारणीनं हात वर केला. आमच्या वर्गात हात कुणी वर करत नसे. "आणि रस्त्यावर मीठ का टाकतात? बर्फातून पाणी काढायला?"

हे मी तयार केलं नव्हतं. त्याचा इंग्रजी उतारा कुठंही वाचलेला नव्हता. पण प्रश्न इतका चांगला होता की घाबरायचं राहूनच गेलं.

"नाही, ते वेगळं," मी म्हटलं. "इथं पडदा आहे. बर्फाला पडदा नाही. साधं पाणी एवढ्या थंडीत गोठतं." मी हात छातीशी धरला. "मिठाचं पाणी म्हणतं, मला एवढी थंडी पुरत नाही, आणखी पाहिजे." हात गुडघ्यापर्यंत खाली नेला. "म्हणून मीठ टाकलं की बर्फ पाणी होतो. पण जानेवारीत, खूप खूप थंडीत?"

"काहीच होत नाही," खिडकीजवळचा माणूस म्हणाला. "माझ्या ड्राइव्हवेवर मीठ तसंच पडून राहतं."

"कारण थंडी इथं पोचली." मी वाकून जमिनीला हात लावला. "आता मिठाचं पाणीपण गोठतं."

"म्हणजे माझं मीठ फुकट गेलं!" तो म्हणाला. सगळे एकदमच बोलायला लागले. कोण वाळू टाकतं, कोण काय टाकतं. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

बाईंनी तासानंतर सही केली. पेन टोपणात घालताना म्हणाल्या, "भूतकाळ तुम्हाला अजून येत नाही."

"पाठ करू का?" मी विचारलं.

"ते मात्र पाठ करा," त्या म्हणाल्या. "आणि वर्गाला येत राहा. सही झाली म्हणून सुटका नाही."

शाळेनं मला घेतलं, उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत, तेही आठवड्यातले तीन दिवस. पुढचं नंतर बघू म्हणाले. पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा बघायचा होता. विज्ञानाच्या बाईंनी मला मागच्या टेबलावर पाठवलं. तिथं एक मुलगी हाताची घडी घालून बसली होती, समोरचा कागद कोरा.

"आय डोन्ट गेट इट," ती म्हणाली. मी कोण, कुठली, हे तिनं विचारलंही नाही.

मी खुर्ची ओढली, तिच्या सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू थोडा फिरवला आणि तिला डोळा लावायला सांगितलं. काय दिसतंय ते सांग, कागद राहू दे, म्हटलं.

ती वाकली. स्क्रू स्वतःही थोडा फिरवून बघितला.

"विटा," मग तिच्या इंग्रजीत म्हणाली. "विटांची भिंत. आणि प्रत्येक विटेत एक ठिपका."

"छान," मी म्हटलं. "त्या ठिपक्याबद्दल सांग."