क्लचवरचा पाय

इक्बाल गेल्याचं त्याच्या मुलीने, सनाने, फोनवर सांगितलं तेव्हा मी करंजाड्याच्या आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. "काका, पप्पा सुटले," एवढंच ती म्हणाली. शब्द खरा होता, तरी हातातला ओला शर्ट तसाच धरून मी उभा राहिलो... दुपारच्या नमाजानंतर त्याला खांदा दिला, कबरीत मूठभर माती लोटली. शाळेत एका बाकावर बसलेला माझा दोस्त. आता काही आठवडे उलटलेत, आणि त्याची आठवण निघाली की मला त्याची गाडीच आधी दिसते.

आखातात तो गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होता. पनवेलला कायमचा परतला तेव्हा त्याने एक जुनी, छोटी गाडी घेतली आणि तिच्यावर जीव लावला. कुणाची गाडी ॲव्हरेज देईनाशी झाली की तो माणूस मोहल्ल्यात इक्बालच्या दारात यायचा. इक्बाल बोनेटला हात लावायचा नाही. "बोनेट नंतर. आधी तू चालव, मी बाजूला बसतो." माझ्याही गाडीत तो असाच बसला होता. बाजारपेठ ओलांडायच्या आत त्याने माझ्या डाव्या गुडघ्यावर चापट मारली. "सुऱ्या, क्लच म्हणजे पाय ठेवायचा पाट नाय! पाय सारखा वर ठेवलास की प्लेट घसरते, इंजिन नुसतं ओरडतं आणि पेट्रोल फुकट जळतं." त्यानंतर माझा पाय तिथे कधी विसावला नाही.

गेल्या वर्षी त्याचीच गाडी पेट्रोल पिऊ लागली. सुरुवातीला त्याला मजा वाटली, आता बघतोच म्हणाला. टायरची हवा तपासली, एअर फिल्टर बदलला, प्लग साफ केले. ब्रेक घासतोय का म्हणून एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं. सगळं ठीक. मग क्लच प्लेट घसरतेय हे कळलं, तेव्हा नवी टाकली. थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. "पार्ट डुप्लिकेट निघाला," तो चिडून म्हणाला. पण त्या चिडण्यात त्याचा नेहमीचा जोर नव्हता. नसीमभाभी मला हळूच म्हणाल्या, "भाऊ, हे आजकाल गाडीपाशी नुसते बसून राहतात. काहीतरी मनाला लागलंय."

त्याच सुमारास उरणला त्याच्या बहिणीकडे जायचं ठरलं आणि मी बरोबर गेलो. कंटेनरच्या रांगेमागे आम्ही सावकाश सरकत होतो. त्याचं बोलणं चालू होतं, मी सहज खाली पाहिलं. त्याचा डावा पाय क्लचवर होता. गिअर पडला, गाडीने वेग घेतला, पाय तिथेच. मला वाटलं आता काढेल, मग काढेल... रस्ता मोकळा झाला तरी पाय हलला नाही.

"इक्बाल, पाय क्लचवर आहे तुझा."

"नाय रे," तो हसला. मग त्याने खाली पाहिलं.

गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. तो पाय उचलू लागला आणि पाऊल वर येईना. टाच जरा उचलली गेली, पुढचा भाग ओल्या फडक्यासारखा लोंबत राहिला. शेवटी दोन्ही हातांनी गुडघा धरून त्याने पाय बाजूला ठेवला. बाहेरून ट्रेलर जात होते आणि आमची छोटी गाडी त्यांच्या वाऱ्याने हलत होती. तो म्हणाला, "चप्पल पण निसटते रे हल्ली. मी म्हटलं, चप्पलच सैल झाली असेल." आणि मग, स्टिअरिंगवरून हात फिरवत, "म्हणजे गाडीत काय दोष नव्हता..." त्या आवाजात समाधान होतं. ते ऐकून मला रडू आलं. परतताना गाडी मी चालवली.

आजार मज्जातंतूंचा निघाला. डॉक्टरांनी औषध आहे म्हणून सांगितलं, बरं होईल असं कुणी म्हणालं नाही. पायानंतर हात गेले. त्याने पुन्हा नवी प्लेट टाकून घेतली आणि सनाला गाडी शिकवायला लागला. स्वतः बाजूच्या सीटवर. करंजाड्याच्या रिकाम्या रस्त्यांवर दोघं फिरायची. पुढे मान सावरेना, तेव्हा सीट मागे पाडून तो आडवा झोपायचा आणि इंजिनाच्या आवाजावरून सांगायचा, सेकंड टाक, आता थर्ड. जीभ जड झाली तसं ते शब्द फक्त सनालाच कळायचे. गाडी पुन्हा पहिल्यासारखं ॲव्हरेज देऊ लागली होती. ते सनाने त्याला सांगितलं तेव्हा, म्हणे, त्याने डोळे मिटून घेतले होते.

मागच्या आठवड्यात उरणला आत्याकडे जाताना सनाने मला सोबत बोलावलं. नसीमभाभींची इद्दत, नवऱ्यामागे पाळायचे चार महिने, चालू आहे, त्या घराबाहेर पडत नाहीत. गाडीचं दार उघडलं तर बाजूची सीट अजून पाडलेलीच. मी ती वर घ्यायला खटका शोधू लागलो.

"राहू द्या ना, काका."

मी तसाच आडवा झालो. तिथून रस्ता दिसत नाही. विजेच्या तारा, इमारतींचे वरचे मजले आणि खूप आभाळ. शेवटचे महिने त्याने गाव एवढंच पाहिलं होतं... उड्डाणपुलाचा चढ लागला. इंजिनाचा आवाज जड होत गेला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सना, सेकं—"

तिने गिअर आधीच बदलला होता.