नागवेणीच्या गालातली पेशी

ब्याडगीच्या बाजारात मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या बायका शेकड्यानं आहेत, पण गिरिजव्वासारखी तोंडाळ एकच. दलालालासुद्धा म्हणायची, "वजनात मारलंस तर डोळ्यांत चटणी भरीन." नवरा लवकर वारला. नागवेणी एकुलती एक, माझ्या नववीच्या वर्गात. काविळीनं बघता बघता गेली पोर.

मागे राहिलेलं सामान न्यायला गिरिजव्वा शाळेत आली. प्रयोगशाळेच्या कपाटात पोरीनं केलेली काचपट्टी होती. गालाच्या आतून खरवडून, निळा रंग घालून, वरच्या काचेच्या कडा नखांच्या लाल रंगानं बंद केलेली. तो लाल रंग बाईनं लगेच ओळखला.

"सर, या रंगाची बाटली माझ्याकडून भांडून घेतली होती हो तिनं! आत काय आहे?"

"तिच्या गालातल्या पेशी. बघायच्यात?"

मी सूक्ष्मदर्शक लावून दिला. हातांना तिखट, म्हणून ते पाठीमागं धरून ती वाकली.

"चेहरा कुठाय?"

"चेहरा नसतो गं त्यात. ही बाहेरची कड म्हणजे पेशीचं कुंपण. आत फिकट गर. आणि त्या गरात गडद ठिपका दिसतो का? ते केंद्रक. रंग, नाक, केस, माणूस कसा घडायचा ते सगळं त्यात."

बराच वेळ ती डोळा काढेना. मग हळूच म्हणाली, "बसलीय की हो, सर. आपण बसवली तश्शीच."

आमच्यात माणसाला आडवं पुरत नाहीत. खड्ड्यातल्या कोनाड्यात बसवतात, भोवती विभूती आणि माती भरतात. नागवेणीला बसवताना मीही तिथं होतो.

"जिवंत आहे का हो ती यात?"

एरवी मी फटकळ माणूस, त्या वेळी मात्र खरं सांगणं जिवावर आलं. पण खोटं बोललो असतो, तर बाई रोज आशेनं आली असती, आणि पट्टी तर कडेनं सुकायला लागली होती.

"नाही, गिरिजव्वा. रंग लागला तेव्हाच त्या पेशी मेल्या." तिचं तोंड बघवेना, म्हणून घाईनं पुढं बोललो, "पण त्या ठिपक्यातलं अर्धं तुझ्याकडून आलेलं. ते तुझ्या गालातही आहे."

"मग माझं दाखवा."

पान थुंकून, खळखळून चुळा भरून आली आणि लहान पोरासारखी आ करून उभी राहिली. मी काडीनं खरवडलं, रंग घातला. तीच कड, तोच गर, मध्ये तसाच ठिपका.

एकदा लेकीची पट्टी, एकदा स्वतःची, असं कितीदा बघितलं कोण जाणे. शेवटी दंडाला डोळे पुसत माझ्याकडं वळली.

"अर्धी माझ्यात आहे म्हणता. मग जाताना ती अर्धी तरी का नाही राहिली, सर? पुरतीच कशी गेली हो?"